आधी नाव, मग रूप

सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने १९४३ साली ‘तिलोयपण्णत्ती’चा पहिला भाग प्रसिद्ध केला. यतिवृषभाचा हा प्राकृत ग्रंथ, संपादक आ. ने. उपाध्ये आणि हीरालाल जैन. जीवराज जैन ग्रंथमालेची सुरुवात याच ग्रंथाने झाली. तिन्ही लोकांची मापे, द्वीप आणि समुद्र, नरकांचे थर असा सगळा गणिती मामला. त्यातले आपल्याला किती कळते हा प्रश्न वेगळा. पण प्राकृताचा गंध नसलेल्या माणसानेही पान उघडले, तर मूळ गाथा कोणती, तिच्याखालचा हिंदी अनुवाद कोणता आणि पानाच्या तळाशी दिलेले पाठभेद कोणते, हे त्याला न विचारता कळते. पुढे कितीही पाने उलटली तरी गाथा गाथेसारखीच दिसते आणि पाठभेद पाठभेदासारखे. वाचणारा एकदा पानाला सरावला की पुढे त्याचे डोळे आपोआप हव्या त्या जागी जातात.

खिळ्यांच्या काळात ही शिस्त माणसे सांभाळत. संपादक हस्तलिखिताच्या समासात खुणा करी. फोरमन त्या वाचून जुळाऱ्याला सांगे : मूळ या टाइपात, अनुवाद त्या टाइपात, टिपा त्याहून बारीक, दोन गाथांमध्ये अमुक जाडीची शिशाची पट्टी. एकदा हे ठरले की जुळाऱ्याला दर गाथेला नव्याने विचार करावा लागत नसे. ‘गाथा’ एवढे नाव पुरे. टाइप, आकार, अंतर, समास हे सगळे त्या नावाबरोबर यायचे. आज इनडिझाईन या पाने जुळवण्याच्या सॉफ्टवेअरच्या पॅनेलमध्ये ‘पॅराग्राफ स्टाईल’ म्हणून जी यादी दिसते ती म्हणजे फोरमनच्या डोक्यातली हीच यादी, फक्त आता ती पडद्यावर आली आहे.

या पुस्तिकेत सांगायचे आहे ते थोडक्यात असे, की मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला आधी तो काय आहे ते नाव द्यावे आणि तो कसा दिसावा हे तुकड्याला न सांगता त्या नावाला सांगावे. बाकी सगळे तपशील या एका गोष्टीतून निघतात. पण तपशिलातच बहुतेकांची गाडी अडते, आणि मराठी मजकुराच्या बाबतीत काही तपशील असे आहेत की इंग्रजी पुस्तके वाचून ते कधीच हाती लागत नाहीत. म्हणून ही पुस्तिका.

सोलापूरकराला दुसरा दाखला हवा असेल तर तो घरातच आहे. शंभराहून जास्त वर्षे आपल्या गावातून निघणारे दाते पंचांग उघडावे. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण, त्यांच्या समाप्तीच्या वेळा आणि शेजारी दिनविशेष एवढे सगळे एका पानावर दाटीवाटीने बसलेले असते. तरीही चतुर्थी कधी आहे हे बघायला आलेली आजी अख्खे पान वाचत बसत नाही. प्रत्येक जातीच्या माहितीला तिची जागा आणि तिचे रूप ठरलेले आहे, आणि ते महिन्यागणिक बदलत नाही. उद्या एखाद्याने हौसेने श्रावणापुरते नक्षत्र ठळक आणि तिथी बारीक केली, तर काय गोंधळ उडेल याची कल्पना करून पाहावी. आपल्या दुकानांतून बाहेर पडणाऱ्या कितीतरी पुस्तकांत नेमके हेच होते. पहिल्या लेखाचे उपशीर्षक चौदा पॉइंट ठळक, पाचव्यात तेरा, नवव्यात चौदाच पण खाली रेघ. ऑपरेटर आळशी होता असे नाही. त्याने दर वेळी हाताने केले, आणि हात दर वेळी सारखा चालत नाही.

संगणक आला तेव्हा फोरमन गेला, त्याचे हे मूळ. आल्डस कंपनीचा पेजमेकर १९८५ चा. आपल्याकडे तो नव्वदीत श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे फॉन्ट यांच्या जोडीने घरोघर पोचला. ज्यांनी खिळे जुळवले होते त्यांच्यापैकी थोडेच लोक पडद्यापुढे बसले. नवे आले ते टायपिंगच्या क्लासमधून. त्यांना ‘सिलेक्ट कर, बोल्ड दाब, साईज वाढव’ एवढेच शिकवले गेले, कारण लगेच दिसते ते तेवढेच. पेजमेकरमध्येही स्टाईलची पेटी होती. ती बहुतेकांनी उघडी ठेवली आणि कधी वापरली नाही.

आता एक काम जवळून पाहू. समजा, एका निवृत्त मुख्याध्यापकांचा गौरवग्रंथ आला आहे. डेमी आकार, दोनशेच्या आसपास पाने. लेखाचे शीर्षक, लेखकाचे नाव, मजकूर, मधली उपशीर्षके, कुणी सरांच्या पत्रांतले उतारे दिलेले, कुणी कविता केलेली, काही तळटिपा. पहिले प्रूफ गेले आणि समितीचे चिटणीस आले.

“दादा, सगळं छान झालंय. फक्त ते पत्रांचे उतारे जरा बारीक करा आणि दोन्ही बाजूंनी आत घ्या. आणि अक्षर थोडं मोकळं दिसलं तर बरं.”

“सर, दोनशे पानं आहेत ओ.”

“मग काय झालं? कॉम्प्युटरच करणार ना?”

चिटणीस चुकलेले नाहीत. हे काम कॉम्प्युटरनेच करायचे असते. प्रश्न एवढाच, की कॉम्प्युटरला उतारा म्हणजे कोणता तुकडा हे कोणी सांगितले आहे का.

सांगितले असेल तर काम असे होते. सुरुवातीला ‘मूळ मजकूर’ नावाची एक स्टाईल केली : फॉन्ट, १२ पॉइंट, लीडिंग १६, पहिल्या ओळीला ५ मिलिमीटर इंडेंट, दोन्ही कडा सारख्या. मग ‘पहिला परिच्छेद’. तिच्या ‘बेस्ड ऑन’च्या खान्यात ‘मूळ मजकूर’ निवडले आणि फक्त इंडेंट शून्य केला. मग ‘उतारा’. तीही ‘मूळ मजकूर’वर आधारलेली, फक्त दोन्ही बाजूंना ८ मिलिमीटर समास आणि आकार ११. आता चिटणिसांसाठी उतारे आणखी आत घ्यायचे तर ‘उतारा’ स्टाईल उघडून दोन्ही बाजूंचे दोन आकडे बदलायचे. दोनशे पानांतले सगळे उतारे एकदम सरकतात. अक्षर मोकळे हवे तर ‘मूळ मजकूर’चे लीडिंग १६ चे १७ करायचे. ते तिच्यावर आधारलेल्या सगळ्या स्टाईलना लागू होते, पण उताऱ्याचा आकार ११ च राहतो, कारण तो त्याने स्वतःचा म्हणून सांगितलेला आहे. जे स्वतः सांगितले नाही तेच वरून येते. ‘बेस्ड ऑन’चे सगळे गणित एवढेच आहे, आणि हे ज्याला नीट कळले त्याची निम्मी पुस्तिका इथेच झाली.

सोलापूरचा माणूस म्हटल्यावर इथे चादरीच्या जेकार्डचा दाखला येणार, असे वाचकाला वाटले असेल. पण तो पुरता लागू पडत नाही. जेकार्ड मागावरचे नक्षीचे पत्ते बदलले तर पुढची चादर बदलते, आधी विणून झालेली नाही. स्टाईल बदलली की मागे जुळवून ठेवलेली पानेही बदलतात. हा फरक लहान नाही; भीती वाटायचे कारणही तोच आहे. ‘एका ठिकाणी हात लावला आणि सगळीकडे हलले’ ही तक्रार ज्या ऑपरेटरकडून येते, त्याने बहुधा ‘मूळ मजकूर’वर शीर्षकसुद्धा आधारलेले असते. शीर्षकांचा वंश वेगळा ठेवावा. मजकुराचा फॉन्ट बदलला म्हणून शीर्षकाने बदलायचे कारण नाही.

एंटर मारून जागा सोडण्याची सवय हे या पुस्तिकेतले सर्वात लांब प्रकरण झाले आहे आणि त्याबद्दल मला खंत नाही. उपशीर्षकाच्या वर मोकळी ओळ हवी म्हणून दोनदा एंटर मारला, की ती मोकळी ओळ हाही एक परिच्छेदच होतो. मजकूर वरखाली झाला आणि ते उपशीर्षक नेमके पानाच्या माथ्यावर आले, तर रिकामी ओळही तिथे येते आणि पानाची पहिली ओळ शेजारच्या पानापेक्षा खाली दिसते. तीच जागा स्टाईलमध्ये ‘स्पेस बिफोर’ म्हणून दिली असती, तर मजकुराच्या चौकटीच्या माथ्यावर इनडिझाईन ती मोजतच नाही. ‘कीप विथ नेक्स्ट’चेही तसेच. उपशीर्षक पानाच्या तळाशी एकटे आणि त्याचा मजकूर पुढच्या पानावर, हे दृश्य आपल्या पुस्तकांत इतके सवयीचे झाले आहे की कोणाला खटकत नाही. उपशीर्षकाच्या स्टाईलमध्ये पुढच्या दोन ओळी सोबत ठेवण्याची सूचना एकदा दिली, की ते पुन्हा होत नाही. अनुक्रमणिकाही शीर्षकाच्या स्टाईलवरूनच तयार होते. पानाच्या डोक्यावर लेखाचे नाव यायचे असेल तर तेही तिथूनच उचलता येते. शीर्षक मागाहून बदलले आणि अनुक्रमणिकेत जुनेच राहिले, हा घोळ स्टाईलवर चालणाऱ्या पुस्तकात होत नाही. अनुक्रमणिका ‘अपडेट’ करायची आठवण मात्र ठेवावी लागते.

कॅरेक्टर स्टाईलचे प्रकरण मराठीत निराळे आहे. इंग्रजी पुस्तकांत ती म्हणजे मुख्यतः इटॅलिक : ग्रंथांची नावे, परभाषेतले शब्द, एखाद्या शब्दावर दिलेला भर. तिरपा टाइप व्हेनिसचा मुद्रक आल्डुस मानुतियुस याने १५०१ साली पुस्तकात आणला, आणि त्याचे नाव घेतलेल्या कंपनीच्या पेजमेकरमध्ये शेवटपर्यंत फक्त परिच्छेदांच्या स्टाईल होत्या, अक्षरांच्या नव्हत्या. गंमत म्हणून सांगितले. पण या गमतीचे परिणाम आपण अजून भोगतो आहोत. पेजमेकरवर वाढलेली पिढी परिच्छेदाची स्टाईल आता मनाविरुद्ध का होईना वापरते. अक्षराची स्टाईल नावाची गोष्ट असते हेच तिच्या गावी नाही.

देवनागरीत बहुतेक फॉन्टना तिरपा अवतार नसतोच. वर्डमध्ये तिरपे केले की सरळ अक्षर ओढून वाकवले जाते. इनडिझाईन तेवढेही करत नाही, फॉन्ट नाही म्हणून सरळ हात वर करते. त्यामुळे ‘तिरपे’ नावाची कॅरेक्टर स्टाईल करणे हा पहिला चुकीचा पाय. नाव दिसण्याचे ठेवू नये, कामाचे ठेवावे. ‘ग्रंथनाम’, ‘भर’, ‘परिभाषा’, ‘मूळपद’. आज ग्रंथनाम ठळक असेल, उद्या संपादक म्हणतील एकेरी अवतरणचिन्हे पुरेत, ठळक नको. त्या दिवशी ‘ग्रंथनाम’ स्टाईलमधला ठळकपणा काढला की काम झाले. ‘ठळक’ नावाची एकच स्टाईल सगळ्यांसाठी वापरली असेल, तर ग्रंथनामे कोणती आणि भर दिलेले शब्द कोणते हे कोणाला आठवणार?

पण मराठीत कॅरेक्टर स्टाईलची खरी गरज जुन्या फॉन्टमुळे पडली, आणि ती गरज अजून संपलेली नाही. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरांची चित्रे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत. फाइलीच्या लेखी तो सगळा इंग्रजीच मजकूर. मराठी दिसते ते फॉन्टच्या कृपेने. अशा परिच्छेदात मध्येच ‘आयएसबीएन’ क्रमांक, ई-मेल किंवा एखादे इंग्रजी पुस्तकाचे नाव रोमन लिपीत आले, की तेवढ्या शब्दांना वेगळा फॉन्ट द्यायचा. तो हाताने दिला आणि नंतर पूर्ण परिच्छेदाला दुसरी स्टाईल लावताना सगळे हाताचे बदल पुसले, की इंग्रजी शब्दाच्या जागी निरर्थक जोडाक्षरांची रांग उभी राहते. सवयीच्या प्रूफवाचकालाही ते लगेच ओळखू येत नाही, कारण अक्षरे मराठीच दिसतात. जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणताना हाच प्रकार उलट्या बाजूने होतो : कन्व्हर्टर इंग्रजी शब्दांनाही मराठी समजून बदलून टाकतो. ज्या फाइलीत रोमन शब्दांना ‘रोमन’ नावाची कॅरेक्टर स्टाईल लावलेली होती, त्या फाइलीत ते शब्द शोधून बाजूला ठेवता येतात. बाकीच्या फाइली डोळ्यांत तेल घालून वाचण्याला पर्याय नाही.

यातले यांत्रिक मर्म एकाच ठिकाणी आहे आणि ते हाताला लागले की पुढचे सोपे होते. इनडिझाईनमध्ये हाताने केलेला बदल असला की स्टाईलच्या नावापुढे अधिकचे चिन्ह दिसते. ऑल्ट दाबून स्टाईलवर क्लिक केले, की हाताचे सगळे बदल पुसले जातात, पण कॅरेक्टर स्टाईल लावलेले शब्द जसेच्या तसे राहतात. ऑल्ट आणि शिफ्ट दोन्ही दाबले तर तेही जातात. म्हणजे कॅरेक्टर स्टाईल हे शब्दाला दिलेले संरक्षण आहे. वर्डमध्ये याहून विचित्र रीत आहे. तिथे परिच्छेदाचा निम्म्याहून अधिक भाग हाताने ठळक केला असेल आणि मग त्याला स्टाईल लावली, तर ठळकपणा जातो; निम्म्याहून कमी असेल तर राहतो. चार शब्दांचा ठळकपणा टिकला आणि शेजारच्या परिच्छेदाचा गेला, हे भूत कुठले, असे ज्यांना वाटले असेल त्यांच्यासाठी हे भूत आहे.

आता आपल्या गावाकडे. सोलापूरच्या डीटीपीवाल्याला एका लिपीत भागत नाही. पूर्वभागात तेलुगू, अक्कलकोट रस्त्याला लागले की कन्नड, आणि दुकानांच्या पाट्यांवर उर्दूही. समाजाच्या स्मरणिकेत अध्यक्षांचे मनोगत मराठीत, मध्ये एक ओळ तेलुगूत, शेवटी एक म्हण कन्नडमध्ये, असे अंक इथे नवलाचे नाहीत. देवनागरी अक्षर शिरोरेखेला लोंबकळते. कन्नड आणि तेलुगू अक्षरे गोल, त्यांना वरची रेघ नाही. तिन्ही १२ पॉइंटमध्ये लावली तर एकच ओळ वाकडीतिकडी दिसते. म्हणून ‘कन्नड’ आणि ‘तेलुगू’ अशा दोन कॅरेक्टर स्टाईल कराव्यात. त्यांत त्या-त्या लिपीचा फॉन्ट, जोडीला शोभेल इतका कमी-जास्त आकार आणि भाषेची निवड. तेलुगूचा फॉन्ट पुढच्या अंकाला बदलला तरी मराठी परिच्छेदाला धक्का लागत नाही.

भाषेची निवड हा शब्द वर सहज आला, पण त्याच्यावर थोडे थांबले पाहिजे. काही चांगल्या देवनागरी फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे आणि हिंदी वळणे दोन्ही भरलेली असतात. कोणते दाखवायचे हे मजकुराची भाषा कोणती सांगितली आहे यावरून ठरते. स्टाईलमध्ये भाषा हिंदी राहिली असेल किंवा इंग्रजीच असेल, तर मराठी पुस्तकात हिंदी वळणाचा ‘ल’ छापला जातो आणि लोक फॉन्टला बोल लावतात. तसाच दुसरा पर्याय ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’चा. तो पॅराग्राफ स्टाईलच्या ‘जस्टिफिकेशन’च्या पानावर लपलेला असतो. तो निवडलेला नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन पडते आणि जोडाक्षरे सुटी होतात. अडोबीने इनडिझाईनच्या सीएस-६ आवृत्तीत, म्हणजे २०१२ साली, मराठीसह भारतीय भाषांची सोय केली. तरीही ‘इनडिझाईनमध्ये मराठी फुटते’ हे वाक्य आजही ऐकू येते. ‘मूळ मजकूर’ स्टाईलमध्ये हे दोन पर्याय एकदा भरून ठेवले की ते तिच्यावर आधारलेल्या प्रत्येक स्टाईलला आपोआप मिळतात. शीर्षकांचा वंश वेगळा ठेवला असेल, तर तिथे मात्र ते पुन्हा भरावे लागतात.

‘जस्टिफिकेशन’च्या त्याच पानावर अक्षरांमधले अंतर कमी-जास्त करण्याचे आकडे असतात. इंग्रजीला थोडी मोकळीक दिली तर चालते. देवनागरीत शून्यच ठेवावे. ओळ बसत नाही म्हणून ट्रॅकिंग वाढवले, की शिरोरेखा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. मराठी शब्द लांब, त्यात विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये जोडून येणार. अरुंद रकान्यात दोन शब्दांमध्ये खिंडारे पडणारच. त्यावर उपाय रकाना रुंद करण्याचा किंवा उजवी कड मोकळी सोडण्याचा आहे. दैनिकांच्या रकान्यात तो परवडत नाही, हे मान्य. पुस्तकात परवडतो.

नेस्टेड स्टाईल आणि ग्रेप स्टाईल ही दोन अवजारे शेवटच्या प्रकरणात घेतली आहेत. कोशासारख्या, शब्दार्थाच्या कामात नेस्टेड स्टाईल वरदान ठरते : परिच्छेदाच्या सुरुवातीपासून पहिल्या अपूर्णविरामापर्यंत ‘नोंदशब्द’ ही कॅरेक्टर स्टाईल लावावी, एवढे एकदा सांगितले की हजार नोंदी आपोआप ठळक होतात. मराठीत इथे एक खड्डा आहे. आपले टायपिस्ट विसर्गाच्या जागी सर्रास अपूर्णविराम टाइप करतात. ‘दुःख’ हा नोंदशब्द असा टाइप झाला असेल तर ठळकपणा ‘दु’पाशीच संपतो आणि ‘ख’ बारीक राहतो. ‘अंतःकरण’, ‘निःशब्द’, ‘प्रातःकाल’ यांचे तेच. आधी फाइंड-चेंजने अक्षरांच्या मध्ये अडकलेले सगळे अपूर्णविराम विसर्गात बदलावेत, मगच नेस्टेड स्टाईल लावावी. नोंदशब्दानंतरच्या अपूर्णविरामाच्या आधी जागा सोडण्याची मराठी रीत इथे उपयोगी पडते, कारण दोघांतला फरक यंत्राला तेवढ्यावरून कळतो. ग्रेप स्टाईलने तर न सांगता काम होते : ०-९ हे अंक चौकटी कंसात घातले की मजकुरातल्या प्रत्येक देवनागरी आकड्याला हवी ती स्टाईल लागते, नंतर टाइप केलेल्यालाही. तीच युक्ती ‘डॉ.’ किंवा ‘इ. स.’ यांच्यापुढचा भाग ओळीच्या टोकाला तुटू नये म्हणून वापरता येते.

कोणते सॉफ्टवेअर, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला जातो. पुस्तिकेतली चित्रे इनडिझाईनची आहेत, पण कल्पना सगळीकडे तीच. लिबर-ऑफिस रायटर फुकट मिळतो आणि स्टाईलच्या बाबतीत वर्डपेक्षा तो शिस्तीचा आहे, असे माझे मत आहे. त्यात मराठीची एक मेख मात्र आहे. त्याच्या स्टाईलमध्ये पाश्चात्त्य लिपींसाठी एक फॉन्ट आणि ‘सीटीएल’ म्हणजे देवनागरीसारख्या जटिल लिपींसाठी दुसरा, असे वेगळे खाने असतात. वरच्या खान्यात १४ लिहून मराठी १२ चेच का राहते, म्हणून डोके धरून बसलेले लोक पाहिले आहेत. आकडा खालच्या खान्यात लिहायचा असतो, आणि तो खाना दिसत नसेल तर भाषेच्या पर्यायांत जाऊन आधी चालू करावा लागतो. वर्डमध्येही ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ म्हणून हेच आहे. स्क्रायबस बरीच वर्षे देवनागरीला पारखा होता. २०२४ च्या पहिल्या दिवशी आलेल्या १.६ आवृत्तीने ती उणीव भरून काढली. कोरलमध्ये लग्नपत्रिका आणि जाहिराती कराव्यात, पुस्तक करू नये. आणि लग्नपत्रिकेला स्टाईल लागतही नाही. एका पानाच्या, एकदाच छापायच्या कामात स्टाईल करत बसणे हा वेळेचा अपव्यय आहे. स्टाईलचे वेड लागलेल्यांनी हे ध्यानात ठेवावे. साध्या कथासंग्रहाला सात-आठ स्टाईल पुरतात. चाळीस झाल्या तर कुठेतरी नाव देताना चुकले आहे.

मग हे सगळे इतके सोयीचे आहे तर दुकानांत का रुजले नाही? माझ्या मते कारण दराचे आहे. डीटीपीचे पैसे पानावर मिळतात. पहिले प्रूफ लवकर देणारा तो चांगला ऑपरेटर. स्टाईल लावून काम करणाऱ्याचा पहिला दिवस नुसत्या तयारीत जातो, आणि त्या दिवशी दाखवायला एकही पान नसते. फायदा दिसतो तो दुसऱ्या प्रुफाला, आकार बदलून निघणाऱ्या दुसऱ्या आवृत्तीला, ई-बुक करताना. इपबमध्ये परिच्छेदाची स्टाईल सरळ शीर्षकाच्या किंवा मजकुराच्या टॅगला जोडता येते. हाताने मोठे केलेले शीर्षक तिथे नुसता मोठा परिच्छेद ठरते, आणि दृष्टिहीन वाचकाच्या स्क्रीन-रीडरलाही तो परिच्छेदच वाटतो. पण दुसरी आवृत्ती त्याच दुकानात येईल याची खात्री नसते आणि दुरुस्त्यांचे पैसे वेगळे लावता येतात. तेव्हा जो आज घाईने करतो तो उद्या कमावतो, असा उलटा हिशेब बसतो. हा हिशेब प्रकाशकांनी बदलायला हवा. फायनल पीडीएफबरोबर स्टाईल लावलेली मूळ फाइलही ताब्यात घ्यायची आणि तिच्यासाठी पानामागे थोडे जास्त मोजायचे, एवढे केले तरी पुष्कळ फरक पडेल.

लेखकांनीही आपला वाटा उचलावा. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाचे संशोधक विद्यार्थी प्रबंध घेऊन येतात, तेव्हा वर्डच्या फाइलीत प्रकरणाचे नाव स्पेसबार दाबून-दाबून मध्यभागी आणलेले असते आणि अनुक्रमणिकेतले पृष्ठांक हाताने टाइप केलेले असतात. मार्गदर्शकांनी एक परिच्छेद घालायला सांगितला की सगळे पृष्ठांक खोटे ठरतात. या लोकांनी इनडिझाईन शिकायची गरज नाही. ‘हेडिंग १’, ‘हेडिंग २’ आणि ‘नॉर्मल’ या तीन स्टाईल लावून फाइल आणली, तरी इनडिझाईनमध्ये घेताना वर्डची कोणती स्टाईल इथल्या कोणत्या स्टाईलला जोडायची हे एका खिडकीत सांगता येते आणि पहिले प्रूफ त्याच संध्याकाळी निघते. त्यांच्यासाठी दुसरे प्रकरण वेगळे लिहिले आहे. त्यांनी तेवढेच वाचून पुस्तिका मिटली तरी चालेल.

बाकीच्यांनी क्रमाने जावे. तिसऱ्या प्रकरणात सरावासाठी एका काल्पनिक स्मरणिकेचा मजकूर दिला आहे. त्यात विसर्गाचे घोटाळे, रिकामे एंटर, मध्येच रोमन शब्द आणि एक कन्नड ओळ मुद्दाम पेरली आहे. तो संगणकावर घेण्याआधी कागदावर छापावा, पेन्सिल घेऊन प्रत्येक तुकड्याच्या समासात त्याचे नाव लिहावे आणि नावे किती झाली ती मोजावीत. दोन वेगळ्या नावांचे तुकडे शेवटपर्यंत सारखेच दिसणार असतील, तरी नावे दोनच ठेवावीत. फॉन्ट निवडणे, रंग, छपाईसाठी पीडीएफ काढणे हे विषय इथे घेतलेले नाहीत. टेबल स्टाईल आणि ऑब्जेक्ट स्टाईल यांचाही फक्त उल्लेख आहे; त्या पुढे कधीतरी.

शुक्रवार पेठ, सोलापूर